कोळशाच्या काळोखातून मनाची सावली काढताना

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग ज्याला मनाची ‘सावली’ म्हणायचा, म्हणजे राग, मत्सर, भीती असं आपण नाकारलेलं सगळं, ते पांढऱ्या कागदावर ठरवून काढलं की हमखास नाटकी होतं. म्हणून सुरुवातच काळ्यापासून करा.

200 ते 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा, जाड) खरबरीत कागद फळीवर चारही बाजूंनी चिकटवा. साध्या वेलीच्या कोळशाने (वाइन चारकोल) पूर्ण काळा करून सुती फडक्याने पुसा. बोटं लावू नका. त्वचेचं तेल लागलं की तिथला कोळसा नीट उचलला जात नाही. मग मळण्याच्या (कणकेसारख्या मऊ, ‘नीडेड’) खोडरबराने वीसेक मिनिटं, काहीही न ठरवता, उजेड काढत जा. चेहरा किंवा जनावर दिसू लागलं तरी डोळे-नाक रेखायची घाई नको. इथेच बहुतेक चित्रं बिघडतात: ओळख पटली की हात सवयीचं, देखणं काढू लागतो.

दाबलेला कोळसा (कॉम्प्रेस्ड चारकोल) सगळ्यात शेवटी, तोही मोजक्याच जागी. त्यात बंधक, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो, तो धड खोडला जात नाही.

नागपुरात कूलरसमोर बसू नका, दमट हवेने कागद फुगतो. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का बसवणारा फवारा, 30 सेंटिमीटरवरून, खिडकी उघडी ठेवून, पातळ थरांत मारा; जवळून मारल्यास ठिपके पडतात.

विषय सुचत नसेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीतले काळी-पिवळी मारबत आणि बडगे हे पुतळे बघायला नागपुरातल्या महाल-इतवारीत जा. अख्खं शहर आपली इडा-पिडा पुतळ्यांवर लादतं. तुमचा बडग्या कोणाचा असेल, तो काढा.