पीएनपी की एनपीएन? आधी मीटर लावा

सेन्सर पीएनपी (चालू झाला की सिग्नल वायरवर अधिक २४ देणारा) की एनपीएन (चालू झाला की सिग्नल वायर शून्याला जोडणारा), हे शिकवताना नव्या पोरांच्या हातात मी आधी त्याचा एम१२ कनेक्टर (केबलचा गोल, आट्यांचा प्लग) देतो. पिन १ तपकिरी, अधिक २४ व्होल्ट डीसी. पिन ३ निळी, शून्य व्होल्ट. पिन ४ काळी, सिग्नल. पांढरी असेल तर लेबल वाचूनच जोडा.

आता सप्लाय द्या. मीटरची काळी प्रोब निळ्या वायरवर, लाल प्रोब काळ्या वायरवर धरा आणि एनओ प्रॉक्सिमिटीसमोर (धातू जवळ आला की चालू होणारा, एरवी बंद असणारा सेन्सर) लोखंडी पट्टी आणा. २४ च्या आसपास दिसले, तर पीएनपी. नाही दिसले, तर लाल प्रोब तपकिरीवर, काळी प्रोब काळ्या वायरवर न्या. पट्टी आणल्यावर इथे २४ आले की एनपीएन. जुन्या जपानी मशीनवर हाच प्रकार बऱ्याचदा सापडतो.

पीएलसीच्या (मशीन चालवणारा कंट्रोलर) इनपुट कार्डाचा कॉमन, म्हणजे सगळ्या इनपुटांचा सामाईक टर्मिनल, पीएनपीसाठी शून्याला, एनपीएनसाठी २४ व्होल्टला जोडा.