फुल फ्रेमवरून मिडीयम फॉरमॅटवर जायचं का? आधी घरच्या घरी एवढं करून पाहा

मिडीयम फॉरमॅट, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा मोठा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) असलेला कॅमेरा, घ्यायचा विचार करून राहिले असाल तर आधी दुकानात जाऊ नका, हार्डडिस्क उघडा. मागच्या वर्षभरात क्लायंटला जे फायनल फोटो दिले तो फोल्डर काढा आणि लांब बाजू किती पिक्सेलची एक्सपोर्ट केली ते बघा. मी नागपुरात इतवारीतल्या सराफांचे दागिने शूट करते, मधेमधे बिल्डिंगचं काम असतं, लग्नं आता कमी केली. माझ्याकडे दहातले आठ फोटो दोन-अडीच हजार पिक्सेलचेच निघाले, व्हॉट्सॲप कॅटलॉग नि इन्स्टासाठीचे. उरलेल्यात होर्डिंग होतं, पण होर्डिंग लोकं रस्त्यापलीकडून बघतात, ते २४ मेगापिक्सेलमध्ये आरामात निघतं. म्हणजे खरा प्रश्न उरला शोरूमच्या भिंतीवरच्या प्रिंटचा, जिथे बाई हातभर अंतरावर उभी राहून हाराचा एकेक मणी बघते.

आता सेन्सरचं गणित. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. फुजीचे जीएफएक्स आणि हॅसलब्लाडची एक्स सीरिज, दोघांत सेन्सर ४३.८ बाय ३२.९ चा, क्षेत्रफळ साधारण १.७ पट. फिल्मच्या ६४५ पेक्षा (साधारण ६ बाय ४.५ सेंटिमीटरची फ्रेम) तो लहानच आहे, जवळपास तेवढा मोठा हवा तर फेज वनकडे जावं लागतं नि ते बजेट वेगळंच. १.७ पट म्हणजे उजेडाच्या हिशोबात पाऊण स्टॉपच्या आत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). बेस आयएसओवर (उजेडाच्या संवेदनशीलतेचा कॅमेऱ्याचा मूळ, खालचा आकडा) एडिटमध्ये सावल्या उचलताना हा फरक दिसतो, रामटेकच्या गडावर पहाटे ट्रायपॉडवरून काढलेल्या फोटोत मला दिसला, पण संध्याकाळच्या लग्नात आयएसओ ३२०० वर कोणालाच दिसणार नाही.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती अशी, की सोनीच्या ६१ मेगापिक्सेलवाल्या ए७आर फोर नि ए७आर फाइव्हचा एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे आणि १०० मेगापिक्सेलवाल्या जीएफएक्सचाही तेवढाच. तोच पिक्सेल, फक्त जास्त. लांब बाजूला ९५०४ च्या जागी ११६४८, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) प्रिंट ३१-३२ इंचाच्या जागी ३८-३९ इंचाची होते. ६१ वरून उडी एवढीच आहे. २४ वरून येत असाल (६००० पिक्सेल, २० इंच) तर मात्र उडी मोठी.

सेकंडहँडमध्ये ५० मेगापिक्सेलवाले जीएफएक्स ५०एस, ५०आर स्वस्तात दिसतात नि मन लगेच होतं. थांबा. त्यांची लांब बाजू ८२५६ पिक्सेल आहे आणि निकॉनच्या डी८५० ची पण ८२५६ च. ४५ मेगापिक्सेलवाला कॅमेरा हातात असेल तर लांबीत जवळजवळ काहीच वाढत नाही, फक्त फ्रेमची उंची वाढते. वरून त्या बॉडीत फोकस हळू आहे आणि ५०एस, ५०आर मध्ये बॉडीतलं स्टॅबिलायझेशनच (हाताची थरथर सावरणारं) नाही.

मग आपल्याला १०० मेगापिक्सेल खरंच लागतात का, हे कसं कळणार? हे एका दिवसात, फुकटात करता येतं. तुमचा आहे तोच कॅमेरा ट्रायपॉडवर उभा लावा, ८५ मिलिमीटरची लेन्स, एक्सपोजर-फोकस-व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. तीन फ्रेम घ्या, प्रत्येकीत ३० टक्के ओव्हरलॅप, आणि जोडा. ४५ मेगापिक्सेलवाल्यात ते साधारण १३,२०० बाय ८,२५० होतं, १०० च्या वरच. २४ वाल्याला लांब बाजू तेवढी व्हायला चार-पाच फ्रेम लागतील. ही नुसती मेगापिक्सेलची युक्ती नाही, लांब लेन्सने रुंद फ्रेम भरता म्हणजे खरोखर मोठ्या सेन्सरसारखंच काम होतं, बोकेसुद्धा (मागचा धूसरपणा) तसाच येतो. तोच फोटो एका सिंगल फ्रेममध्येही काढा. मग दोन्ही ४० इंचाच्या मापाने मोठे करा पण पूर्ण प्रिंट काढू नका, मधला ए३ एवढा तुकडा दोन्हीचा छापा, सारख्याच कागदावर. घरच्या ट्यूबलाइटखाली भिंतीला चिकटवा आणि फोटोग्राफर नसलेल्या माणसाला विचारा कोणता चांगला. माझ्याकडे सासूबाईंनी दागिन्याचा जोडलेला तुकडा लगेच ओळखला, "याच्यात तार दिसते" म्हणाल्या. बिल्डिंगच्या फोटोत त्यांना दोन्ही सारखे वाटले. माझा निम्मा निर्णय तिथेच झाला.

लेन्सचं पण नीट समजून घ्या, कारण "मिडीयम फॉरमॅट लुक" च्या नावावर भरपूर पैसा जातो. फुल फ्रेमशी तुलना करायला फोकल लेंग्थ आणि एफ नंबर (लहान आकडा म्हणजे लेन्स जास्त उघडी) दोन्हीला ०.७९ ने गुणा. जीएफएक्सची जीएफ ११० एफ २ लेन्स म्हणजे फुल फ्रेमवर ८७ एफ १.६ सारखी. तुमच्याकडे ८५ एफ १.४ असेल तर पार्श्वभूमी तुमचीच जास्त विरघळते. जीएफच्या झूममध्ये एफ २.८ नाहीच, बहुतेक एफ ४ पासून सुरू होतात, तर २४-७० एफ २.८ वर लग्न उचलणाऱ्याला हा सौदा उलटा पडतो. डेप्थ (पुढपासून मागपर्यंत सगळं शार्प) हवी असेल तर फुल फ्रेमवरचं एफ ११ इथे एफ १४ होतं, आयएसओ वाढवा नाहीतर शटर लांबवा, आणि मोठ्या सेन्सरचा फायदा तिथेच संपला.

फ्लॅशवाल्यांसाठी, लेन्स बदलता येणाऱ्या जीएफएक्सचा सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर) १/१२५ आहे. आपल्या मे महिन्याच्या उन्हात बाहेर पोर्ट्रेट करता तेव्हा फुल फ्रेमचा १/२०० नाहीतर १/२५० सुद्धा कमी पडतो, इथे एनडी फिल्टर (लेन्सवर उजेड कमी करणारी काच) नाहीतर हाय स्पीड सिंक लागणारच. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्ये लीफ शटर (लेन्सच्या आतलं शटर) असतं, तिथे १/२००० लासुद्धा सिंक मिळतो, तुमचं काम तेच असेल तर त्याच्याकडे बघा. आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरच्या भरवशावर मंडपात जाऊ नका, १०० मेगापिक्सेलचा सेन्सर हळू वाचला जातो, एलईडीखाली पट्टे येतात, हललेला हात वाकडा येतो. ताडोबावाल्यांनी तर विचारच सोडा. जीएफ ५०० एफ ५.६ आहे, पण फुल फ्रेमच्या हिशोबात ती ३९५ च होते.

आता माझा अनुभव सांगते, मी दोन दिवसांसाठी १०० मेगापिक्सेल बॉडी नि १२० मॅक्रो मुंबईवरून भाड्याने मागवली. पहिल्या दिवशी दुकानाच्या वरच्या खोलीत टेबल लावला, एप्रिलचा शेवट, खिडकीला कुलर. साठ फ्रेम घेतल्या, स्क्रीनवर मस्त. रात्री घरी १०० टक्के झूम केलं तर मोत्यांच्या कडा दुहेरी. फोकस बरोबर, शटर बरोबर, मग काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला, कुलर सुरू केला, पाण्यावर बारीक गोल लाटा. लाकडी फ्लोअरिंगमधून कंपन ट्रायपॉडच्या पायात जात होतं. कुलर बंद करून, टायमर लावून, फ्लॅशवर परत सगळं काढलं तेव्हा तार-न्-तार आली, घामाघूम झालो सगळे, पण ती फ्रेम बघून मला खरंच भरून आलं. म्हणून सांगते, भाड्याने घ्याच, आणि आपल्या खऱ्या जागेत, खऱ्या कामावर वापरा. दुकानात काउंटरवर चार क्लिक करून यातलं काहीच कळत नाही.

त्याच दोन दिवसांत कॉम्प्युटरचंही पाहून घ्या. १०० मेगापिक्सेलची एक १६ बिट टिफ फाइल ६१० एमबीच्या आसपास होते, चार-पाच लेयर टाकले की फोटोशॉपच्या पीएसडी फाइलची २ जीबीची मर्यादा ओलांडते आणि पीएसबी या मोठ्या फाइलच्या प्रकारात सेव्ह करावं लागतं. फोकस स्टॅकिंगला (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक शार्प फोटो करणं) वीस-तीस फ्रेम लागतात, माझ्या १६ जीबी रॅमने तिथेच मान टाकली. म्हणजे बजेट मांडताना बॉडी, दोन लेन्स, रॅम, एसएसडी, बॅकअप, आणि एवढी लेन्स सांभाळणारा दणकट ट्रायपॉड, सगळं एका कागदावर लिहा. नव्या बॉडीची लाँचची किंमत पडत गेली हेही धरा, अमेरिकेत जीएफएक्स १०० हा २०१९ ला ९,९९९ डॉलरला आला, १००एस २०२१ ला ५,९९९ ला आणि १००एस टू २०२४ ला ४,९९९ ला. म्हणून घाईने कर्ज काढू नका.

शेवटी मी मोजलं, वर्षात भिंतीवरच्या प्रिंटचं काम किती दिवस. सात. सात दिवसांचं भाडं क्लायंटच्या बिलात सरळ लावता येतं, तेही मोठ्या प्रिंटचं म्हटलं की नाही म्हणत नाहीत. वीस-पंचवीस दिवस झाले तर मी विकत घेईन. यावर्षी ते पैसे मी दोन चांगल्या स्ट्रोबवर (स्टुडिओ फ्लॅश), कॅलिब्रेट होणाऱ्या मॉनिटरवर आणि ३२ जीबी रॅमवर घातले, आणि दिवाळीच्या आधीच्या शूटसाठी बॉडी आताच बुक करून ठेवली, त्या सीझनला ऐनवेळी मिळत नाही.