घरची दाल मिल गावातल्या नव्या उद्योगांच्या कामी कशी आणावी

विदर्भातल्या खेड्यात एखादा तरुण किंवा महिला बचत गट डाळ, हळद किंवा तिखटाचा छोटा उद्योग सुरू करायला निघतो, तेव्हा त्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी गावातल्याच एखाद्या दाल मिलवाल्या घरी असतात. वजनकाटा, शेड, मोटर दुरुस्त करणारा ओळखीचा मिस्त्री आणि अकोला किंवा नागपूरचा खात्रीचा व्यापारी हे सारे त्या घराने दोन पिढ्यांत जमवलेले असते. वर्ध्यात याचे मोठे उदाहरण आहे. कापसाच्या व्यापारात असलेल्या जमनालाल बजाज यांनी आपली बाग दिली आणि 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम तिथे, म्हणजे मगनवाडीत, उभे राहिले. लहान मिलवाल्याला बाग देण्याची गरज नाही; मात्र जे द्यायचे ते नीट ठरवून द्यावे लागते.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. मिलच्या गल्ल्यातून किराणा आणि मुलांची फी जात असेल, तर मिल तासाला किती खर्चाने चालते हे मालकालाही कळत नाही, आणि मग दुसऱ्याला सांगितलेला दर एक तर अंगावर येतो किंवा त्याला लुबाडतो. म्हणून मिलचे बँक खाते वेगळे काढावे, घरखर्चासाठी महिन्याची ठरावीक रक्कम उचलावी आणि मिलमध्ये राबणाऱ्या घरातल्या प्रत्येकाची, विशेषतः तूर वाळवणाऱ्या व निवडणाऱ्या सुनेची आणि सासूची, मजुरी वहीत लिहावी. ही मजुरी लिहिली जात नाही तोवर मिलचा नफा खोटाच असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर यंत्राच्या वेळेचा विचार करावा. तूर जानेवारीपासून येऊ लागते, हरभरा तिच्यामागोमाग येतो. लहान मिलमध्ये तेल-पाणी लावलेली तूर उन्हात सुकवावी लागत असल्याने मृग लागला की डाळीचे काम मंदावते. हंगामात आठवड्यातला एक दिवस गटांसाठी राखून ठेवावा आणि तो मोठा गिऱ्हाईक आला म्हणून मोडू नये. पावसाळ्यात शेड, चाळणी आणि काटा भाड्याने देता येतो. मात्र वायगावची हळद किंवा भिवापुरी मिरची भरायची असेल तर खोली वेगळी द्यावी, कारण तिखटाचा वास डाळीला लागला की व्यापारी माल परत पाठवतो. मजुरीवर डाळ करून देताना किती तूर घेतली आणि किती डाळ, चुनी (डाळीचा बारीक चुरा) व भुसा निघाला हे पावतीवर लिहावे. चुनी कोणाची हेही आधीच ठरवावे. जनावरांच्या खाद्यासाठी तिला भाव मिळतो आणि अनेक भांडणे तिच्यावरूनच होतात.

गटाचा माल मिलवाला स्वतः विकत घेणार असेल, तर चुकारा वेळेवर देणे हीच त्याची सर्वांत मोठी मदत आहे, कारण नव्या उद्योगाकडे अडकून पडलेला पैसा सोसण्याची ताकद नसते. गटाने उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी, केली असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज चढते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. ती करून देण्यासाठी मिलवाल्याच्या मुलाने गटाबरोबर तासभर बसावे.

कर्जाला जामीन राहण्याची विनंती हमखास येते. तिथे नम्रपणे नकार द्यावा, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि एक थकलेले खाते दोन्ही घरांना बुडवू शकते. त्याऐवजी ठरावीक माल ठरावीक काळात घेण्याचे पत्र मिलच्या शिक्क्यानिशी द्यावे, म्हणजे माल कुठे विकणार या बँकेच्या प्रश्नाला गटाकडे कागदी उत्तर राहते. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. अर्ज घेणे चालू आहे का याची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी करावी. गटाने यंत्र घेण्यापूर्वी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दाल मिल चालू स्थितीत पाहून यावी.

व्यापाऱ्याशी ओळख करून देताना गटाच्या बाईंनाच बोलू द्यावे आणि नमुन्याच्या पिशवीवर गटाचे नाव टाकावे. पुढे त्यांनी थेट माल पाठवला तर मिलची दलाली बुडेल ही भीती खरी आहे, म्हणून पहिल्या वर्षाची दलाली किती आणि ती कधी संपणार हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे. हंगाम संपल्यावर, पेरणीची धांदल सुरू होण्याआधी, दोघांच्या वह्या समोरासमोर ठेवून तासाचा दर, शेडचे भाडे आणि चुनीचा वाटा पुढच्या वर्षासाठी नव्याने ठरवावा.