पार्वतीच्या डोहाळजेवणाला हसू का येतं? ‘बनवाबनवी’ उलगडून बघायची रीत

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) तोंडपाठ असलेल्या कुणालाही विचारा, हसू का येतं? उत्तर येतं, ‘लक्ष्या भारी आहे!’ ते खरंच आहे. पण त्याच्यापुढेही जाता येतं, आणि त्यासाठी एक वही आणि घरची चार माणसं पुरतात.

सुरुवातीला पडद्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघा. कोण हसलं, कितव्या मिनिटाला हसलं आणि त्याच्या लगेच आधी काय घडलं, एवढंच टिपा. कारणं आत्ताच लिहू नका. एकट्याने बघून हे जमत नाही, कारण पाठ असलेल्या संवादांवर आपण सवयीने हसतो. आमच्या कुडाळच्या घरी बघताना आजी परशावर, म्हणजे लक्ष्याने केलेल्या पात्रावर, हसली तेव्हा विनोदी असं कुणी काही बोललंच नव्हतं. ती पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाली, ‘‘आता गावतलो मेलो!’’ म्हणजे आता हा पकडला जाणार. हे वाक्य मी लिहून ठेवलं, आणि पुढे तेच कामाला आलं.

मग एकच प्रसंग निवडा. अख्खा सिनेमा घेतलात तर हाती काही लागणार नाही. पार्वतीच्या, म्हणजे साडीतल्या परशाच्या, डोहाळजेवणाचा प्रसंग घेऊ. घर मिळावं म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायकांचं सोंग घेतात, त्यातलाच हा एक.

आता त्याला एकेक सिद्धांत लावून बघा. थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १७व्या शतकात म्हटलं की दुसऱ्याचं उणं दिसलं की आपण वरचढ ठरतो, आणि त्यातून हसू फुटतं. चौघांतल्या धनंजय मानेकडून ‘सत्तर रुपये वारले’ ऐकावं लागणाऱ्या आधीच्या घरमालकाला हे चपखल बसतं. डोहाळजेवणाला मात्र बसत नाही. फसतात नव्या घरमालकीण लीलाबाई, पण त्यांना कुणी कमी लेखत नाही, उलट त्यांची मायाच वाटते. सिद्धांत जिथे बसला नाही ती जागाही वहीत लिहा.

दुसरा सिद्धांत विसंगतीचा. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये मांडलं की ताणलेली अपेक्षा एकदम शून्यात विरली की हसू येतं. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात तर हास्यरसाच्या कारणांत विकृत वेष आणि अलंकार सरळ सांगितलेले आहेत. पुरुषाचं अंग आणि गरोदर बाईचं कौतुक समोरासमोर आलं की हसू येणारच, असं वाटतं.

इथे घाई करू नका. आपल्या सिंधुदुर्गात हा सिद्धांत तपासायची सोय आहे. जत्रेतल्या दशावतारात, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, स्त्रीपात्रं पुरुषच करत आले आहेत. तिथे राणी विलाप करू लागली की बायका डोळे पुसतात. साडी तीच, आत पुरुषही तसाच, तरी हसू नाही! म्हणजे नुसत्या वेषाच्या विसंगतीवर भागत नाही. दशावतारात तो पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नसतं. परशाला लपवायचं आहे.

आता आजीचं वाक्य काढा. तिसरा सिद्धांत त्याला जुळतो: दाबून धरलेली मनाची शक्ती हसण्यातून मोकळी होते, असं मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०५ मध्ये लिहिलं. लीलाबाई जोडप्यांनाच घर देतात, त्यामुळे परशाचं बिंग फुटलं तर चौघांचं डोक्यावरचं छप्पर जाणार. ती धाकधूक आपणही त्यांच्यासोबत धरून बसलेलो असतो, आणि संकट एकेकदा टळलं की ती हसून सोडून देतो.

खात्रीसाठी एक गोष्ट मनातल्या मनात काढून बघा. लीलाबाईंना सगळं आधीच माहीत आहे असं समजा. साडी तीच, गाणं तेच, पण प्रसंग पार मिळमिळीत होतो. साडी काढूनही असंच करून बघा. कोणती गोष्ट काढल्यावर हसू मेलं, ते तुमचं उत्तर. ते चार-पाच ओळींत लिहा आणि न बसलेल्या सिद्धांतालाही त्यात एक ओळ द्या.

पुढच्या जत्रेला हीच वही घेऊन जा आणि दशावतारातल्या विनोदी संकासुराच्या प्रवेशाला लोकांकडे तोंड करून बसा.