मोनोमियल आयडियल रॅडिकलपर्यंत कमी जनरेटरमध्ये: या चुका टाळा

नौपाड्यात आमच्याकडे रविवारी एमएस्सी-पीएचडीची मुलं बीजगणित करायला जमतात. मोनोमियल आयडियलचे (चलांच्या नुसत्या गुणाकारांनी, म्हणजे जनरेटरनी, तयार होणाऱ्या बहुपदींच्या आयडियलचे) जनरेटर कितीही असोत, रॅडिकल (ज्यांचा एखादा घात आयडियलमध्ये असतो अशा बहुपदींचा संच) तेच राहील असे कमीत कमी किती घटक पुरतील, हा प्रश्न निघाला की फळ्यावर ठरावीक चुका येतातच. या कमीत कमी संख्येला अरिथमेटिकल रँक म्हणतात.

सर्वात मोहात पाडणारी चूक वर्गांच्या बेरजेची. जनरेटर अब आणि कड (अ, ब, क, ड ही चलं). (अब)² + (कड)² शून्य झालं की दोन्ही शून्य, म्हणजे एकच घटक पुरला! हे फक्त वास्तव संख्यांवर खरं. बिंदू तपासून रॅडिकल ठरवायचं तर फील्ड अल्जेब्राइकली क्लोज्ड (प्रत्येक अस्थिर बहुपदीला त्यातच मूळ असतं असं) हवं. अ = ब = क = १ आणि ड = √−१ घ्या: बेरीज शून्य, पण अब = १. खरं तर बिंदू शोधायचीही गरज नव्हती. आयडियलची उंची (आकृतीचं परिमाण पूर्ण अवकाशापेक्षा कितीने कमी, ते) २ आहे, आणि क्रुलच्या प्रमेयाने घटक उंचीपेक्षा कमी असूच शकत नाहीत, म्हणून एका घटकात भागणारच नाही. उंची आधी काढा.

हुकमी हत्यार म्हणजे श्मिट आणि फोगेल यांचं १९७९ सालचं लेमा. जनरेटर गटांत वाटायचे. पहिल्या गटात एकच. पुढच्या प्रत्येक गटातल्या कुठल्याही दोन वेगळ्या घटकांच्या गुणाकाराला आधीच्या गटांपैकी एखाद्या घटकाने भाग गेला पाहिजे. मग प्रत्येक गटाची बेरीज हा एक नवा जनरेटर. मुलं भागणारा घटक त्याच गटातून उचलतात, किंवा पहिल्याच गटात दोन कोंबतात. दोन्हींत सिद्धता कोसळते. नीट वाटणी अशी दिसते: अब, बक, कअ. पहिला गट अब, दुसरा बक आणि कअ. गुणाकार अबक², त्याला अब ने भाग जातो. म्हणून अब आणि बक + कअ पुरतात. हातानेही पडताळा:

(बक)² = बक(बक + कअ) − क²·अब

उजवी बाजू नव्या आयडियलमध्ये आहे, म्हणून बक रॅडिकलमध्ये आला, मग कअ सुद्धा. ही एक ओळ प्रत्येकाने स्वतः लिहावी असा माझा आग्रह असतो.

दोनावर अडून बसणं ही पुढची चूक. अक, अड, बक, बड यांची उंचीही २, म्हणून काही जण तासन्‌तास दोन घटक शोधतात. ते मिळणार नाहीत. इथे दोन प्रतलं एकाच बिंदूत भेटतात. तो बिंदू काढला की आकृती तुटते, आणि हार्टशॉर्न यांच्या १९६२ च्या प्रमेयानुसार दोन समीकरणांनी अशी आकृती मिळत नाही. अक, बड आणि अड + बक हे तीन मात्र पुरतात.

खालची मर्यादा म्हणून ल्युबेझनिक यांचा निकाल उंचीपेक्षा चांगला: स्क्वेअरफ्री (प्रत्येक जनरेटरमध्ये कुठलंही चल जास्तीत जास्त एकदाच येणाऱ्या) मोनोमियल आयडियलसाठी भागाकार रिंगचं (बहुपदींच्या रिंगला आयडियलने भागून मिळणाऱ्या क्वोशंट रिंगचं) प्रोजेक्टिव्ह डायमेन्शन (सर्वात लहान फ्री रिझोल्यूशनची लांबी; पुढे नुसतं डायमेन्शन) अरिथमेटिकल रँकपेक्षा जास्त नसतं. स्क्वेअरफ्री ही अट विसरू नका. अ² आणि अब घेतले तर डायमेन्शन २ येतं, पण रॅडिकल नुसतं अ, रँक १. आधी रॅडिकल, मग डायमेन्शन. मॅकॉले२ या बीजगणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तर एकाने कमी आलं, तर तुम्ही भागाकार रिंगऐवजी आयडियलचं मोजलंय का, ते पाहा.

आणि फील्डच्या एकाच कॅरॅक्टरिस्टिकवर (१ किती वेळा मिळवला की शून्य येतं ती संख्या; कधीच येत नसेल तर ०) विसंबू नका. प्रोजेक्टिव्ह प्लेनच्या सहा शिरोबिंदूंच्या त्रिकोणीकरणातून राइसनर यांचं दहा जनरेटरचं आयडियल मिळतं. त्याच्या भागाकार रिंगचं डायमेन्शन कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये ४, बाकी सगळीकडे ३. अरिथमेटिकल रँक मात्र सगळीकडे ४.