आउटबोर्डचे आकडे डिस्प्लेवर कसे आणले

पंचगंगेच्या पुरासाठी ठेवलेली आमची बोट. मागे बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन ठणठणीत, पण डिस्प्लेवर आरपीएम, तापमान मध्येच दिसायचं, मध्येच नुसत्या रेघा. पुरात इंजिन तापतंय हे कळलंच पाहिजे, म्हणून जीव टांगणीला.

दोन दिवस सेटिंगमध्ये घालवले, ते चुकलंच. मग इंजिन आणि डिस्प्लेला जोडणाऱ्या नेटवर्कची (एनएमईए २०००) वीज बंद करून त्याच्या केबलमधल्या पांढऱ्या आणि निळ्या तारांमध्ये मल्टिमीटर लावला: १२० ओहम. एनएमईए २००० च्या मुख्य केबलला दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला बसणारे रोधक) लागतात; दोन्ही समांतर असल्याने मीटरवर ६० यायला हवेत. १२० म्हणजे एकच टर्मिनेटर काम करतोय. मागच्या टोकाचा टर्मिनेटर उघडला, तर पिना हिरव्या पडलेल्या, आत वाळलेला गाळ. नवा बसवला. ६० आले, आकडेही स्थिर!

आणि हो, या केबलला १२ व्होल्ट फ्यूजमधून वेगळे द्यावे लागतात, तेही तपासा.