सूर्यास्तासमोरचे फोटो एडिट करताना या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे उघडतो. संध्याकाळी दरीकडे पाठ करून फोटोला उभं राहिलं की मागे सूर्य आणि चेहऱ्यावर सावली, हे ठरलेलंच. घरी येऊन पाहावं तर आकाश झकास आणि माणसं कोळशासारखी. मग एडिटिंग सुरू होतं आणि उरलासुरला फोटोही हातचा जातो.

पहिली चूक म्हणजे सरसकट ब्राइटनेस वाढवणं. चेहरा दिसू लागतो, पण आकाश पांढरंफटक पडतं. मुळातच आकाशाचा एखादा भाग जळाला असेल, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही रंगांचे आकडे २५५ या कमाल मर्यादेला टेकले असतील, तर हायलाइट्स, म्हणजे उजळ भागांचा स्लायडर, कितीही खाली ओढा, पांढऱ्याचा फक्त राखाडी होतो. म्हणून फोटो काढतानाच आकाशावर टॅप करून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, बेताचं ठेवा. सावलीतून बरंच काही परत मिळतं, जळालेल्या आकाशातून नाही.

अर्थात सावलीलाही मर्यादा आहे. शॅडोजचा, म्हणजे गडद भाग उजळवणारा, स्लायडर टोकाला नेला की चेहऱ्यावर रंगीत दाणे उमटतात. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात; १४-बिट रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, १६,३८४. त्यामुळे रॉ फाइल जास्त ताण सहन करते. शिवाय शॅडोज कड्याचा खडक, कारवीची झुडपं, सगळंच उजळवतो आणि फोटो सपाट होतो.

यावर उपाय मास्क, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग निवडून फक्त तेवढाच बदलणं. पण सगळ्यात जास्त फोटो मास्कनेच बिघडलेले मी पाहिलेत! लोक फक्त चेहरा निवडतात. चेहरा लख्ख, मान आणि हात अंधारात. जणू मुंडकं दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवलंय. अख्खा माणूस निवडा, तो बसलाय त्या खडकाचाही थोडा भाग घ्या आणि मास्कच्या कडा मऊ ठेवा. केसांभोवती उजळ वलय दिसलं तर मास्क आकाशात सांडलाय. तिथलं खोडरबराने पुसा. स्नॅपसीड या एडिटिंग अ‍ॅपमध्ये ‘सिलेक्टिव्ह’चा ठिपका अंगावर ठेवून दोन बोटांनी वर्तुळ लहानमोठं करा; लाल झालेल्या भागावरच परिणाम होणार.

उजळायचं किती? सूर्य पाठीमागे आहे, हे डोळ्याला पटलं पाहिजे. माझा ठोकताळा असा, की चेहरा मागच्या आकाशापेक्षा निदान एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाइतका, गडदच राहू द्यावा. आधी आकाश थोडं खाली आणा, मग माणूस थोडा वर. सगळा भार एकट्या चेहऱ्यावर टाकला की समोर ट्यूबलाइट धरल्यासारखं दिसतं.

रंगाकडे मात्र कुणी बघत नाही. सावलीतल्या चेहऱ्यावर उघड्या आकाशाचा निळसर उजेड असतो. उजळलं की तो निळेपणाही वर येतो आणि माणूस आजारी दिसतो. त्याच मास्कमध्ये टेंपरेचर, म्हणजे निळा-पिवळा रंगछटेचा स्लायडर, किंचित पिवळ्याकडे न्या. आणि हो, उजळणं म्हणजे गोरं करणं नव्हे. सावळा माणूस सावळाच दिसू दे, ब्यूटी फिल्टर बंद ठेवा.

फोनची स्क्रीन फुल ब्राइटनेसवर ठेवून एडिट केलेला फोटो प्रिंटमध्ये काळपट येतो. ती मध्यावर आणा.

एवढं करूनही चेहरा दाणेदारच राहिला तर उलट जा. शॅडोज खाली ओढा, माणसाची नुसती काळी आकृती ठेवा. फक्त हात अंगापासून सुटे हवेत, नाहीतर माणूस आणि सॅक मिळून एकच गाठोडं दिसतं.